गळकं माळवद आणि गिटार

रघु दीक्षित यांचा पहिला अल्बम २००८ साली त्यांच्याच नावानं निघाला. त्याआधीचा त्यांचा ‘अंतराग्नी’ हा बँड तोवर विस्कटला होता. अल्बम बाहेर यायला हिंदी चित्रपटसंगीतातल्या विशाल-शेखर या जोडीचा हातभार लागला. गाणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजी अशी मिसळलेली. वाद्यं म्हणजे अकूस्टिक गिटार, बास, ड्रम्स आणि व्हायोलिन. त्याला ‘फोक-रॉक’ म्हटलं गेलं आणि हा शब्द त्यांना कायमचा चिकटला. इतक्या वर्षांनी हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकताना एक गोष्ट मला अधिकाधिक स्पष्ट होत गेली आहे. एका माणसाच्या नावानं निघालेल्या या अल्बममध्ये त्या माणसाचा खरा आवाज जिथे सापडतो, ती गाणी त्याची नाहीत. ती १८८९ साली वारलेल्या एका कवीची आहेत. आणि त्या कवीचं बोलणं ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं की नाही, यावरच या अल्बमचं मोल ठरतं.

तो कवी म्हणजे शिशुनाळ शरीफ. जन्म १८१९, गाव शिशुनाळ, आजच्या हावेरी जिल्ह्यातल्या शिग्गाव तालुक्यात. घर मुसलमान, गुरू गोविंद भट्ट नावाचे ब्राह्मण. मराठी वाचकाला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवतील आणि ती आठवण योग्यच आहे. शरीफांच्या रचनांना कन्नडमध्ये ‘तत्त्वपद’ म्हणतात. विषय दिसायला घरगुती: कोंबडी, हुक्का, पाऊस, गळकं छप्पर. आत मात्र देह, गुरू, अज्ञान, मरण. आपल्याकडे एकनाथांच्या भारुडाची जी रीत, तीच ही. ऐकणारा आधी हसतो, मग थबकतो.

दीक्षितांचा जन्म नाशिकचा, वाढले म्हैसूरमध्ये. सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, भरतनाट्यममध्ये ‘विद्वत्’ ही पदवी. गिटार वयाच्या मानानं उशिरा हातात आलं. रंगमंचावर रंगीत लुंगी आणि पायात घुंगरू, असा त्यांचा वेश आता ओळखीचा झाला आहे. ते घुंगरू नुसती सजावट म्हणून नाहीत. नाचणाऱ्याला सम पायानं कळते आणि त्यांच्या गाण्यात शब्दांचा जोर कुठे पडावा हे पायानंच ठरवल्यासारखं वाटतं. त्या नृत्याला आजचा आकार ज्यांनी दिला ते तंजावर चौकडीचे चार भाऊ मराठा राजांच्या दरबारात होते. म्हणजे नाशिकात जन्मलेला मुलगा म्हैसुरात बसून तंजावरच्या मराठा दरबारातली विद्या शिकला. आपल्याकडच्या कलांच्या वाटा अशाच वळणावळणाच्या असतात.

मी हे लिहिते आहे कुंभकोणमहून. मूळची सोलापूरची, म्हणून कन्नड कानावर लहानपणापासून. संसार इथे, म्हणून आजूबाजूला अष्टौप्रहर तमिळ. त्यामुळे या अल्बममधलं ‘सोरुतिहुदु मनिया माळिगी’ हे शरीफांचं पद माझ्या घरात तीन भाषांत ऐकलं जातं आणि तिन्हींत ते वेगळं असतं.

सगळं त्या ‘माळिगी’ शब्दात आहे. उत्तर कर्नाटकात माळिगी म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर, आणि ते छप्परसुद्धा. सोलापूर-मराठवाड्यात आपण त्याला माळवद म्हणतो: खाली लाकडी तुळया, त्यावर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी वर चढून माती नीट केली नाही तर पहिल्या मोठ्या पावसात घरात भांडी मांडायची वेळ येते. शरीफांच्या पदात नेमकं हेच घडतं. छप्पर गळतंय, अंधार दाट आहे, तुळया मोडक्या, लाकूड किडकं, सांधे ढिले, वर हरळी माजलेली. आणि बोलणारा म्हणतो की या अंधारात आपल्याच्यानं वर चढवत नाही. माती विरघळून आतलं-बाहेरचं एक होऊ लागतं. गळतीचं कारण सुरुवातीलाच सांगून टाकलेलं असतं: अज्ञान. ज्याला माळवद माहीत आहे त्याला या रूपकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ते छप्पर दर वर्षी नव्यानं लिंपावं लागतं. एकदाच काय ते डागडुजी करून मोकळं होता येत नाही. देहाचं आणि मनाचंही तसंच.

तमिळमध्ये मात्र ‘माळिगै’ म्हणजे वाडा, प्रासाद. शेजारची कॉलेजात शिकणारी मुलगी एकदा हे गाणं ऐकत बसली होती. कन्नड तिला येत नाही, पण काही शब्द तमिळच्या जवळचे म्हणून पकडता येतात. गाणं संपल्यावर तिनं विचारलं, “अक्का, राजवाडा गळतोय का?” मी तिला माळवद समजावून सांगितलं. ती म्हणाली, “राजवाडाच बरा वाटतो.” तिचं म्हणणं मी हसून सोडून दिलं नाही. ज्याला आपण राजवाडा समजून बसलो तो गळतो आहे, हे वाचन शरीफांना परकं वाटलं नसतं. पण त्यात एक गोष्ट हरवते: राजवाड्याचं छप्पर दुरुस्त करायला नोकर असतात. माळवदावर ज्याचं त्यालाच चढावं लागतं.

आता गाण्याकडे. दीक्षित मूळ शब्दांना हात लावत नाहीत. म्हैसूरकडच्या कन्नडचा हा गायक ‘मनिया’, ‘माळिगी’ ही धारवाडकडची रूपं तशीच ठेवतो, त्यांना प्रमाण भाषेचा इस्त्री केलेला सदरा चढवत नाही. सोलापुरी कानाला हा मोठाच दिलासा आहे. दुसरं म्हणजे, बँडला इथे शब्द कळलेले आहेत. ध्रुवपद परत परत येतं आणि दर वेळी थोडं जड होऊन येतं, गळती वाढत गेल्यासारखं. दीक्षितांचा आवाज मोठा आहे, छातीतून निघणारा, थोडा खरखरीत. बाकीच्या अल्बममध्ये तो कधीकधी आपल्या मोठेपणावरच खूश होतो. इथे त्याला एक अडचण दिली आहे. वर चढता येत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मोठ्या आवाजाचं काय करायचं? तो आवाज मग हाक बनतो. अंधारात, पावसात, कुणीतरी यावं म्हणून मारलेली हाक. रॉक संगीताकडे अशा हाकेची स्वतःची परंपरा आहे, आणि त्या परंपरेनं शरीफांना इथे काहीतरी दिलं आहे. निव्वळ वापरून घेतलेलं नाही.

याच पदाला सी. अश्वत्थ यांनी कन्नड भावगीताच्या वळणानं घराघरात पोचवलं होतं. टी. एस. नागाभरण यांचा ‘संत शिशुनाळ शरीफ’ हा चित्रपट १९९० चा. गिरीश कार्नाड त्यात गोविंद भट्ट झाले होते आणि संगीत अश्वत्थ यांचं होतं. कन्नड रसिकांपैकी पुष्कळांना अश्वत्थ यांची चाल म्हणजेच शरीफांची चाल वाटते. म्हणून दीक्षितांवर ‘लोकसंगीत बिघडवलं’ असा आक्षेप येतो तेव्हा एवढंच आठवावं, की अश्वत्थ यांचं गाणंही शहरातल्या स्टुडिओतच घडलं होतं. तंबोरी आणि दिमडी घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांच्या गळ्यातली तत्त्वपदं त्या दोघांच्याही आधीची, आणि दोघांहून निराळी. वाद हार्मोनियम की गिटार असा नाही. ते वाद्य शब्दांच्या बाजूनं उभं आहे की शब्दांसमोर, एवढंच पाहायचं.

हाच निकष लावला तर दुसऱ्या शरीफ-पदाबद्दल मला तितकं निश्चिंत वाटत नाही. ‘गुडुगुडिया सेदि नोडो’ म्हणजे हुक्का ओढून पाहा असं आवाहन. पदात हुक्क्याचा एकेक भाग उलगडत जातो: मनाची चंची सोडायची, मोहाची भांग रोज बारीक चिरायची, स्मरणाच्या चिलमीत भरायची, वर बुद्धीचा विस्तव ठेवायचा, देह म्हणजेच हुक्क्याचं भांडं. असा हुक्का ओढला तर शरीरातला रोग जाईल. ज्या व्यसनाची लोक चोरून मजा घेतात, त्याच व्यसनाच्या साधनांनी मोह जाळायची युक्ती सांगितली आहे. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, हे जसं ऐकता ऐकता उमगतं, तसंच हे.

अल्बममध्ये हे गाणं वेगवान, नाचरं, अत्यंत आनंदी आहे. महाविद्यालयांच्या महोत्सवांत त्याच्यावर पोरं नाचतात, आणि त्यात वाईट काही नाही. भारुडावरही लोक नाचतच आले. पण या वेगात पदाची बांधणी चेपली जाते. चंची, भांग, चिलीम, विस्तव ही क्रमवार साधना आहे. एक पायरी झाल्याशिवाय पुढची नाही. ड्रम्सना मात्र सगळ्या पायऱ्या सारख्याच. कन्नड न येणाऱ्याच्या हाती उरतो तो हुक्क्याच्या गुडगुडण्याचा नाद, आणि तो नाद इतका छान आहे की त्याच्यापुढे जायची गरजच भासत नाही. माळवदाच्या पदात संगीत अर्थाची वाट दाखवतं. इथे ते अर्थाच्या आधीच मुक्कामाला पोचतं.

अर्थ कळला नाही तर एवढं काय बिघडलं, असा प्रश्न इथे कुंभकोणममध्ये मला नेहमी पडतो, कारण या गावानं तो प्रश्न दोन-अडीचशे वर्षं हाताळला आहे. १६७६ च्या सुमारास एकोजी भोसले तंजावरला स्थिरावले. १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य राहिलं. राज्य गेलं, अभंग राहिले. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींनी दक्षिणेतल्या भजनपद्धतीची घडी बसवली, आणि त्या पद्धतीत जयदेवाच्या अष्टपदी, पुरंदरदासांची पदं यांच्या पंगतीला मराठी अभंगही आहेत. आजही इथल्या भजनमंडळींत तमिळ माणसं ज्ञानोबा-तुकोबा-नामदेव गातात. भजनाच्या तमिळ लिपीतल्या पुस्तकांत क, ख, ग, घ यांसाठी एकच अक्षर असल्यामुळे अक्षरांवर बारीक आकडे छापलेले असतात. तरी गाताना विठ्ठलाचा ‘ठ’ बहुधा ‘ट’ होतो. गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना ओळीचा शब्दशः अर्थ सांगता येणार नाही. तरीही ते अभंगच गात असतात, याबद्दल शंका येत नाही.

हे कसं जमतं? नुसत्या भक्तीमुळे, असं उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. माझ्या मते ते निरूपणामुळे जमतं. मराठी कीर्तन तंजावरात आलं तेव्हा गाण्याबरोबर बोलणंही आलं. तंजावूर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी त्यातून तमिळ हरिकथेला जे रूप दिलं, त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद आले. पण त्यांच्या मधल्या जागा तमिळ बोलण्यानं भरल्या. गाणं मूळ भाषेत, समज ऐकणाऱ्याच्या भाषेत. शब्दांचं भाषांतर न करता गाण्याचं भाषांतर करण्याची ही एक पद्धत आहे आणि तिनं इथे शतकभराहून अधिक काळ काम केलं आहे. अभंगाची ओळ ज्याला उलगडता येत नाही त्यालाही ती ओळ कशाबद्दल आहे हे ठाऊक असतं, कारण कुणीतरी कधीतरी त्याला ते सांगितलेलं असतं.

गंमत अशी की दीक्षित रंगमंचावर हेच करतात. गाण्याआधी थांबून शरीफ कोण होते, या पदात काय म्हटलं आहे, हे ते साध्या भाषेत, थोडी थट्टा करत सांगतात आणि मग गातात. २०१० मध्ये ते बीबीसीवरच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात गायले, पुढच्याच वर्षी ‘साँगलाइन्स’ या मासिकाचा नवोदित कलाकाराचा सन्मान त्यांना मिळाला. इंग्लंडमधल्या ज्या श्रोत्यांना कन्नड ही भाषा आहे की गाव हेही ठाऊक नसेल, त्यांच्यापुढे शरीफ उभे राहिले. त्यात गिटारचा वाटा आहे तसा या बोलण्याचाही आहे. दीक्षित रंगमंचावर कीर्तनकार असतात, त्यांनी हा शब्द स्वतःसाठी वापरो न वापरो.

अल्बममधून नेमका हा कीर्तनकार गायब आहे. ध्वनिमुद्रणात उत्तररंग आहे, निरूपण नाही. आणि ती जागा अल्बम एका वेगळ्या उपायानं भरू पाहतो: सगळ्यांना समजतील अशी हिंदी आणि इंग्रजी गाणी. ‘हे भगवान’मध्ये देवाकडे पुन्हा एकदा आयुष्य मागितलं आहे, ‘मैसूर से आयी’ हे म्हैसूरच्या मुलीचं खेळकर प्रेमगीत, ‘अंबर’ शांत, पसरलेलं. ही गाणी वाईट मुळीच नाहीत. ‘अंबर’मध्ये तर आवाज इतका सैल सोडला आहे की ते अल्बममधलं एक विसाव्याचं ठिकाण होतं. पण त्यांच्यातले शब्द कुठल्या घरातून आले हे कळत नाही. आकाश, श्वास, खिडकी ही कुठल्याही शहरातली, कुणाचीही. लगेच कळतात आणि लगेच संपतात. ‘माळिगी’ लगेच कळत नाही, म्हणून कानात राहते. बहुभाषिक अल्बम करताना कलावंताला वाटतं की समजणारी भाषा दार उघडेल. या अल्बमचा माझा अनुभव उलटा आहे: ऐकणारा थांबतो तो न समजणाऱ्या भाषेपाशी, फक्त तिथे त्याला कुणीतरी भेटायला हवं.

हे आपल्याला मराठीत नवं नाही. गदगचे भीमसेन जोशी घरात कन्नड बोलत आणि आयुष्यभर मराठी अभंग गात राहिले. ‘अभंगवाणी’ ऐकताना कुणाला त्यांची मातृभाषा आठवत नाही. तेच भीमसेन कन्नड दासांची पदं गाऊ लागले की आपण मराठी श्रोते सुरांनाच दाद देतो आणि शब्द सोडून देतो. गदगपासून शिशुनाळ फार लांब नाही. आपली वारी तिथपर्यंत मात्र क्वचितच जाते. आता मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ बँड अभंगांना बास आणि ड्रम्सची साथ देतो, तेव्हा आपल्याकडेही तोच प्रश्न उभा राहतो: ज्या मुलांना माउलींची भाषा परकी झाली आहे त्यांना ठेक्याच्या पलीकडे कोण नेणार? बँडनंच सगळं करावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

शेवटी नावाबद्दल. तुकोबांच्या अभंगात अखेरीस तुकोबांचं नाव येतं. शरीफांच्या पदात अखेरीस शरीफांचं नाव बहुधा येत नाही. येतो तो ‘शिशुनाळाधीश’, गावाचा देव. माळवदाच्या पदातही शेवटी त्याच्यावर विश्वास टाकला आहे, की तोच उभा राहून राखील. दीक्षित ती मुद्रा वगळत नाहीत. स्वतःच्या नावाच्या पहिल्याच अल्बमवर, जिथे प्रत्येक नवा गायक आपला ठसा उमटवायला धडपडतो, तिथे एक गायक दुसऱ्याच्या शब्दांत तिसऱ्याचं नाव घेऊन गाणं संपवतो. या एका निवडीसाठी मी या अल्बमला त्याच्या बऱ्याच सैल जागा माफ करते.

सध्या मी शरीफांचं ते पद मराठीत आणते आहे. पुण्या-मुंबईच्या तरुण वाचकाला ‘माळवद’ कळणार नाही, ‘छत’ किंवा ‘छप्पर’ लिहा, असं ज्यांना कच्चा खर्डा दाखवला त्यांनी सुचवलं. छताला गळती लागली तर माणूस सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करतो. म्हणून मी माळवदच ठेवणार आहे, आणि समोरच्या पानावर माळवद कसं बांधतात आणि दर उन्हाळ्यात त्यावर कोण चढतं, ते लिहिणार आहे.